लाभ, दोन, तीन

मिनल ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जवळजवळ दिसतच नव्हती. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. संत तुकाराम नगरहून चाकणच्या पुढे स्कूटीवर नोकरीला येणाऱ्या मुली अशाच येतात. कंटेनरांच्या धुळीला दुसरा इलाज नाही. पण उंबरदऱ्याच्या ठाकरवाडीतल्या मुलांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, लस टोचणारी बाई आली. अर्धी शाळा मागच्या करवंदीच्या जाळीत पळाली.

मिनलने हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला आणि उरलेल्या अर्ध्या शाळेला विचारलं, “पळालेली कुठे मिळतील?”

“भूक लागल्याव येतील,” एक मुलगी म्हणाली. ती मोनिका. तिसरीत होती आणि तिला सगळं माहीत असायचं.

मी तेव्हा डोंगराखालच्या मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, आणि नव्या बाईंना वाडीवर सोडायला आलो होतो. पुढे लवकरच मी निवृत्त झालो आणि निगडीला मुलाकडे राहायला गेलो. पण मिनल मला फोन करत राहिली. बहुतेक वेळा तिला सल्ला नको असे, ऐकणारा हवा असे. म्हणून तिची गोष्ट मला माहीत आहे.

उंबरदऱ्याची वाडी डोंगराच्या खांद्यावर आहे. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की खाली कंपन्यांची निळी छपरं दिसतात. वाडीतले बाप त्या छपरांखाली ठेकेदाराकडे हेल्पर आहेत, आया कंपन्यांच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात आणि आज्या घरी कोंबड्या सांभाळतात. शाळेला खोल्या दोन आणि शिक्षक दोन. त्यातले दुसरे शिक्षक वर्षातला निम्मा काळ कुठल्या ना कुठल्या मोजणीच्या कामावर असतात. कधी मतदार, कधी घरं, कधी गुरं. त्यामुळे शाळा म्हणजे मिनलच. शाळेचा पट किती होता ते मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल.

मिनलचा स्वभाव टापटिपीचा. खडू मोजून ठेवायचे, पाण्याचे पेले मोजून ठेवायचे, रांगेतल्या चपला जोडीजोडीने लावायच्या. हा वारसा वडिलांचा. भीमराज ओव्हाळ पिंपरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आयुष्यभर त्यांनी लोखंडाचे तुकडे व्हर्नियर मोजपट्टीत धरून पाहिले आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवले. निवृत्त झाल्यावरही व्हर्नियर त्यांच्या खिशात असे. एकदा त्यांनी माझ्यासमोर केकच्या तुकड्यांची जाडी मोजली आणि दुकानदाराला सांगितली. दुकानदार म्हणाला, “काका, खाऊन बघा, गोड आहे.” भीमराज म्हणाले, “गोडीबद्दल माझी तक्रार नाही.”

मिनल रुजू झाली त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. गणित मुलांच्या परिसराशी, संस्कृतीशी आणि बोलीशी जोडून शिकवावं, असं त्यात होतं. असली परिपत्रकं आम्ही शिक्षक वाचतो, सही करतो आणि फायलीला लावतो. मिनलने वाचलं, सही केली आणि अमलात आणायला घेतलं. वय लहान होतं.

सुरुवात तिने मापट्यापासून केली. जुन्या काळी धान्य पायलीने, मापट्याने मोजत. ते ठाकरांच्या मुलांना जवळचं वाटेल असं तिला वाटलं. आत्याच्या माळ्यावरून तिने एक पितळी मापटं मिळवलं, चिंच लावून घासलं आणि टेबलावर ठेवलं.

“हे काय आहे, कोण सांगेल?”

मागून कुलदीप म्हणाला, “याच्यात आमची आजी मिसरी ठिवती.”

“आमच्याकं कुत्र्याला पानी,” दुसरा म्हणाला.

“पण धान्य कशाने मोजतात घरी?”

“रेशनवाला मोजतो. काट्यावं.”

त्या रात्री तिचा फोन आला. “सर, यांची संस्कृती माझ्या आधीच किलोत गेली आहे.”

मी म्हटलं, “मग तुझी आणि त्यांची एकच झाली. सोपं झालं.”

“नाही ना. आज मोनिका चिंचोके मोजत होती. पहिल्याला एक म्हणतच नाही. म्हणते लाभ. लाभ, दोन, तीन, चार. मी म्हटलं, अगं एक म्हण. तर मला म्हणते, बाई, एक म्हनलं की एकच ऱ्हातं.”

ही रीत मला ठाऊक होती. खळ्यावर धान्य मोजताना आमच्याकडेही पहिल्या मापाला लाभ म्हणत. माप गेलं, काटा आला, पण मोनिकाच्या आजीने लाभ सोडला नव्हता. मिनलने दुसऱ्या दिवशी वर्गाशी तोडगा काढला. लिहायचं १, म्हणायचं लाभ. वर्गाला हे एकदम पटलं. लिहितो तसं बोलायचं नसतं, हे मुलांना आपल्याहून आधी कळलेलं असतं.

मोनिकाच्या आजीचं नाव गिरजाबाई. वाडीचा पुढारी म्हणाल तर तिचा मुलगा ज्योतीराम. तो शाळेच्या समितीचा अध्यक्ष आणि कंपनीत पॅकिंगला होता. पण ज्योतीराम काही बोलायच्या आधी आईकडे बघायचा, म्हणून पुढारी कोण ते कळतच होतं. गिरजाबाई उंचीने जेमतेम मोनिकाएवढी. बोलायची हळू, पण एकदा बोलली की वाडीत दुसरं कुणी बोलत नसे.

मापटं मोडीत निघाल्यावर मिनलने कोंबड्यांकडे मोर्चा वळवला. प्रत्येक घरी कोंबड्या. याहून जवळचा परिसर कुठला? तिने गणित घातलं. आपापल्या घरच्या कोंबड्या सांगा, आपण बेरीज करू.

“मोनिका, तुमच्याकडे कोंबड्या किती?”

“हायेत.”

“हो, पण किती?”

“घरच्यापुरत्या.”

“म्हणजे दहा? वीस?”

मोनिकाने दोन्ही कानांवर हात ठेवले. “बाई, नका ना.”

“का गं?”

“जिवाचं मोजायचं नसतं. मोजलं की घटतं.”

आता परिसराशी जोडलेलं गणित परिसरानेच अडवलं होतं. मिनलने दुसरी वाट धरली. “बरं, मोजू नका. पण संध्याकाळी एखादी आली नाही, तर कसं कळतं?”

यावर सगळा वर्ग बोलायला लागला. काबरी, लांडी, टकली, पावडर, सुपरवायझर. प्रत्येक कोंबडीला नाव होतं. सुपरवायझर ही ज्योतीरामची कोंबडी. ती दिवसभर दुसऱ्यांच्या मागे फिरायची आणि स्वतः काही उकरत नसे. संध्याकाळी गिरजाबाई कोंबड्या कोंडायच्या डालग्याशी बसून एकेकीचं तोंड बघायची. कोणी कमी असेल तर आकडा नाही, नाव कमी व्हायचं.

मिनल खूश झाली. ज्याला एकास एक संगती म्हणतात आणि जे शिकवायला पुस्तकाने चार पानं खर्ची घातलीत, ते वाडीत रोज संध्याकाळी चालत होतं. तिने गिरजाबाईला वर्गात बोलावलं. गिरजाबाईने खुडूक कोंबडीखाली अंडी कशी ठेवतात ते सांगितलं. जोडीजोडीने लावायची आणि शेवटी एक एकांडं उरलंच पाहिजे.

“समान ठिवली तर काय होतं, आजी?”

“एकाचं एक बघतं, आन् दोनीबी आळशी व्हत्यात.”

सम आणि विषम संख्या त्या दिवशी सगळ्या वर्गाला आल्या, बोबडं बोलणाऱ्या पहिलीतल्यांनाही. मिनलने हळूच विचारलं, “पण आजी, अंडी मोजलेली चालतात?”

“चालत्यात की. अजून ती कुनाची कुनी न्हाईत.”

इथवर सगळं छान चाललं होतं. मग खो-खो आला.

तालुक्याच्या स्पर्धेसाठी मिनलला दोन संघ पाडायचे होते. तिने मुलांना रांगेत उभं केलं, हातात फूटपट्टी घेतली आणि डोक्याडोक्याला टेकवत मोजत गेली. एक, दोन, तीन, चार. लाभसुद्धा म्हणाली नाही. घाई होती. कुंपणापाशी गिरजाबाई लांडीला शोधत आली होती. ती उभी राहून बघत होती.

“झालं का मोजून, बाई?”

“झालं, आजी. एक कमी भरतोय.”

कमी भरत होता तो कुलदीप. तो शाळेमागे लघवीला गेला होता.

गिरजाबाईला लांडी सापडली, ती तिला घेऊन गेली. दोन-तीन आठवडे सरले आणि मोनिकाचा डावा गाल फुगला. मग उजवा. मग तिच्या शेजारच्या मुलाचा. बघता बघता जवळजवळ सगळी शाळा गालफुगीने गाल फुगवून, हनुवटीखालून डोक्यावर फडकी बांधून घरोघर बसली. उपकेंद्रातली सिस्टर येऊन गेली. म्हणाली, साथ आहे, आठवडाभर घरी ठेवा. आठवडा झाला, गाल उतरले, पण शाळेत कुणी आलं नाही. बरी झालेलीही नाहीत आणि ज्यांना फार झालंच नव्हतं तीही नाहीत.

आला फक्त कुलदीप. त्याला काहीच झालं नव्हतं. आणि वाडीतल्या लहानथोरांना ठाऊक होतं की बाईंनी पोरं मोजली तेव्हा कुलदीप शाळेमागे होता.

मिनलने जांभळाखाली पालकांची सभा घेतली. विषाणूचं चित्र आणलं होतं, चेंडूला काटे असलेलं. हा शिंकेतून, थुंकीतून कसा पसरतो ते तिने नीट सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकलं.

ज्योतीराम म्हणाला, “बाई, व्हायरस आमाला म्हाईत हाय. लॉकडाऊनला आमी काय कमी बसलो व्हय घरात?”

“मग झालं तर.”

ज्योतीरामने आईकडे बघितलं. गिरजाबाई म्हणाली, “व्हायरस असंल, बाई. मी न्हाई म्हनत न्हाई. पन त्याला आमच्या पोरांचा पत्ता कुनी दिला?”

सभेने मिनलकडे पाहिलं. तिने काटेरी चेंडूच्या चित्राची गुंडाळी केली.

मग कुलदीपला एकट्याला शिकवणं सुरू झालं. सुरुवातीला तो फार ऐटीत होता. खिचडी त्याची, चेंडू त्याचा, खिडकीजवळची जागा त्याची. पण वर्गातला प्रत्येक प्रश्नही त्यालाच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बाई, दुसऱ्या कुनाला तरी इचारा ना.”

अशात तालुक्याचं पत्र आलं. पुढच्या आठवड्यात पटपडताळणी. म्हणजे एक अधिकारी येणार, वर्गात बसलेली मुलं प्रत्यक्ष मोजणार आणि ती कमी भरली तर वाडीची शाळा बंद करून मुलं खालच्या मोठ्या शाळेत घालणार. आमची खालची शाळा वाईट नव्हती, पण ती रस्त्याच्या पलीकडे होती. त्या रस्त्यावर गाड्या भरलेले लांबलचक ट्रेलर एकामागे एक चालतात. मोठी माणसंही तो ओलांडताना एकमेकांचा हात धरतात. वाडीने तर मुलं पाठवलीच नसती. थोरल्या मुलींनी धाकट्यांना सांभाळलं असतं आणि मोनिकाचं शिक्षण तिसरीत संपलं असतं.

हे मिनलला कळत होतं आणि वाडीलाही कळत होतं. ज्योतीराम शिफ्टवरून येताना शाळेत डोकावला आणि म्हणाला, “बाई, शाळा पायजे. आन् मोजायचं न्हाई. आता कसं ते तुमीच बगा.”

त्या रविवारी मी ओव्हाळांकडे जेवायला होतो. भीमराज चिडले होते. त्यांच्या घरात देव-देवस्की, नजर, गंडेदोरे यांना जागा नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचं कपाट.

“मोजलं म्हणून आजार होतो?” ते म्हणाले. “आम्ही रोज हजारो तुकडे मोजले. एक आजारी पडला नाही. तू त्यांच्यापुढे झुकू नकोस, मिनल. ठाम उभी राहा आणि सांग.”

“सांगितलं, बाबा. ते ऐकतात, हो म्हणतात आणि पोरं पाठवत नाहीत.”

“कारण तू पुराव्याने बोलत नाहीस.”

“पुरावा त्यांच्या बाजूने आहे. कुलदीप.”

भीमराजांनी भाकरीकडे हात केला. तेवढ्यात मिनल सहज म्हणाली, “बाबा, ही चौथी.”

हात टोपल्यावर थांबला. भीमराजांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मिनलची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मिने, जेवणाऱ्याच्या भाकरी मोजायच्या नसतात.”

“का?”

“नसतात म्हणजे नसतात. बापाच्या ताटावर नजर ठेवतेस?”

“बाबा, तुम्ही सांगा. मोजल्याने भाकरी कमी होते?”

“ते वेगळं आहे,” भीमराज म्हणाले.

“कसं वेगळं?”

तपासणी विभागातला माणूस होता. त्याने खोटं उत्तर दिलं नाही. बराच विचार केला. शेवटी म्हणाले, “ती भाकरी माझी आहे.”

मिनलने टोपलं वडिलांच्या बाजूला सरकवलं आणि तोंड खिडकीकडे केलं. भीमराजांनी पुढे किती खाल्ल्या ते आम्हा कुणालाच माहीत नाही.

सोमवारी ती शाळेत पोचली तर शाळा पूर्ण रिकामी. कुलदीपही नव्हता. ती त्याच्या घरी गेली. कुलदीप भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने तोंड वळवलं तेव्हा दोन्ही गाल भोपळ्यासारखे. वाडीचा एकमेव पुरावा सुजला होता.

मिनल तशीच गिरजाबाईच्या ओट्यावर गेली. मला तिने नंतर सांगितलं की वाटेत तिला थोडा आनंद झाला होता आणि आनंदाची लाजही वाटत होती.

“आजी, कुलदीपला झाली. त्याला तर मी मोजलंच नव्हतं.”

“कळलं मला.”

“मग मोजल्याने नाही ना झालं?”

गिरजाबाई नाचणी पाखडत होती. सूप थांबलं नाही. “मोजल्यानं झालं. आन् न मोजल्यानंबी झालं.”

“असं कसं?”

“कळपातनं सुटलेलं वासरूच वाघ धरतो. तुमी समद्यांना एका बाजूला केलं, त्याला एकट्याला मागं ठिवलं. मोजायचं तर न्हाईच, पन मोजलं तर अर्धं मोजू ने.”

ओव्हाळांच्या मुलीच्या जागी दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून परत गेलं असतं. मिनल तिथेच ओट्यावर बसली. तिच्या लक्षात आलं की ‘मोजायचं न्हाई’च्या पुढे पहिल्यांदाच ‘मोजलं तर’ आलं होतं.

“आजी, अंडी मोजलेली चालतात.”

“चालत्यात.”

“चिंचोके?”

“चिंचोक्याला काय हुतंय?”

“मग प्रत्येक पोराने आपापला एक चिंचोका टोपलीत टाकायचा. मी चिंचोके मोजीन. पोरांना हात लावणार नाही.”

आता सूप थांबलं. गिरजाबाईने या प्रस्तावाकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग अटी घातल्या. चिंचोका पोराने स्वतःच्या हाताने टाकायचा. बोट कुणाकडे करायचं नाही. पहिल्याला लाभ म्हणायचं. आणि सगळं टाकून झालं की एक वरचा टाकायचा.

“वरचा कुणाचा?”

“कुनाचाच न्हाई. माप भरलं की मूठभर वर टाकत्यात, तसा. भरलेलं माप उघडं ठिवू ने.”

“पण मग आकडा एकाने वाढेल.”

“मंग शाळा कशाला हाय?” गिरजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. प्रत्येक मुलाने चिंचोका आणला, आणि कोंबड्यांसारखाच तो ओळखीचा करून आणला. कुणी भाजून काळा केलेला, कुणी एका बाजूने घासून पांढरा केलेला, कुणी पेनाने टिंब दिलेला. मिनलने फळ्यावर लिहिलं, ‘चिंचोके वजा १ बरोबर मुलं’. चार दिवस त्या टोपलीवर जेवढं गणित झालं तेवढं मापट्यावर वर्षभरात झालं नसतं. दहादहाचे ढीग, गैरहजर किती, मुली किती, मुलगे किती. आणि दर वेळी शेवटी सगळा वर्ग एका सुरात, “वरचा वजा.”

पडताळणीच्या दिवशी मिनलने मला बोलावलं होतं. मी मागे भिंतीशी बसलो. अधिकारी आले ते नानासाहेब. पोटाने सुखी, स्वभावाने सरळ, पण त्या आठवड्यात त्यांनी दोन शाळांत खोटी नावं पकडली होती, त्यामुळे नजर करडी होती. वर्गात आल्या आल्या त्यांना पुढच्या ओळीत फडकं बांधलेला कुलदीप दिसला. वाडीत त्याच्याकडून गालफुगी घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो आला होता. नानासाहेबांनी खुर्ची मागे ओढली, बाहेर जाऊन फोन लावला आणि आईला विचारलं, “मला लहानपणी गालफुगी झाली होती का गं?” झाली होती. ते परत आत आले.

“चला, बसून राहा सगळे,” ते म्हणाले आणि बोट पुढे केलं. “एक.”

सगळ्या वर्गाने एकदम डोक्यावर वह्या धरल्या.

नानासाहेबांनी बोट खाली केलं. वह्या खाली आल्या. बोट वर केलं. वह्या वर गेल्या.

“मॅडम, हा काय प्रकार आहे?”

मिनलने सांगितलं. आवाज शांत होता, पण पदराचं टोक बोटांत पिळलं जात होतं. त्या दिवशी ती मुद्दाम साडीत आली होती. टोपली टेबलावर ठेवली. मुलं एकेक उठली, चिंचोका टाकून बसली. शेवटी मोनिकाने वरचा टाकला.

“मला मुलं मोजायची आहेत,” नानासाहेब म्हणाले. “चिंचोके नाही.”

दारातून गिरजाबाई म्हणाली, “मोजा की सायेब. पोरं कुटं पळून चाललीत? हितंच बसलीत तुमच्याम्होरं.”

नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून तीन वाड्या करायच्या होत्या. त्यांनी टोपली ओढली. “एक.”

“लाभ,” वर्ग म्हणाला.

ते थांबले. बहुधा त्यांच्याही आठवणीत कुठलं तरी खळं असावं. “लाभ,” ते पुटपुटले आणि पुढे मोजत गेले. संपल्यावर हजेरीपटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हा एक जास्त कुठून आला?”

एक जास्त. दोन शाळांत त्यांनी हेच पकडलं होतं.

“सायेब, त्यो वरचा,” मोनिका उभी राहून म्हणाली. “त्यो वजा करायचा असतो. न्हाई केला तर उत्तर चुकतं.”

“केला वजा. आता बरोबर येतंय,” नानासाहेब म्हणाले. “पण मी कशावरून मानू की एकच वरचा आहे? उद्या कोणी पाच वरचे टाकेल.”

प्रश्न चांगला होता. माझ्या मनात आलं, हा माणूस भीमराजांच्या विभागात चालला असता. मिनल पुढे झाली. “सर, ज्याचा त्याला उचलू द्या. शेवटी काय उरतं ते बघा.”

मुलं एकेक पुढे आली. टोपलीत बोटं घातली, आपला चिंचोका शोधला आणि साहेबांना दाखवून जागेवर गेली. काळा, घासलेला, टिंबवाला. नानासाहेब प्रत्येकाचं तोंड बघत होते, हजेरीपटावर खूण करत होते. मध्येच दोघांचं भांडण लागलं. एकाच चिंचोक्यावर दोघांचा दावा. साहेबांनी न्याय द्यायच्या आत त्यातल्या एकाने तो जिभेला लावला आणि म्हणाला, “माझा न्हाई. माझा खारा हाय.” भांडण मिटलं. नानासाहेबांनी त्यानंतर हात रुमालाला पुसले.

शेवटचा कुलदीप. त्याने आपला घेतला. टोपलीत एक उरला. नानासाहेबांनी टोपली तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. एकच होता. त्यांनी तो परत ठेवला, पेन काढलं आणि कागदावर आकडा लिहिला.

“मॅडम, इथे मोजणीची पद्धत विचारली आहे. काय लिहू?”

“प्रत्यक्ष,” मिनल म्हणाली.

त्यांनी थोडा विचार केला. “तसं प्रत्यक्षच झालं म्हणा,” म्हणून तसं लिहिलं. मग ओट्यावर चपला घालताना मिनलला म्हणाले, “पट पुरेसा आहे. शाळा हलवायचं कारण नाही. मी तसं वर कळवतो.” आणि गाडीवर बसून पुढच्या वाडीला गेले.

ज्योतीराम कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून आला होता. तो धापा टाकत ओट्यावर चढला. “बाई, काय भरलं?”

मिनलने सांगायला तोंड उघडलं. गिरजाबाईने हात वर केला.

“आकडा नगं. शाळा हितंच ऱ्हाती का, तेवडं सांगा.”

“इथेच राहते, आजी.”

“मंग झालं,” गिरजाबाई म्हणाली, आणि पोरांना खिचडीला बसवायला आत वळली.